आधी ठिपके, मग रेघ : रेषीय समीकरणाचा आलेख शिकविण्याची रीत

अंकगणितातून बीजगणितात पाऊल टाकताना विद्यार्थ्यास ज्या अडचणी येतात, त्यांपैकी एक मोठी अडचण सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. अंकगणितात प्रत्येक प्रश्नास एक उत्तर असते. एका चलाच्या समीकरणातही तीच सवय पुढे चालते. ‘क्ष + ४ = ९’ म्हटले की क्ष ची किंमत ५, आणि प्रश्न संपला. परंतु ‘क्ष + य = १०’ असे समीकरण समोर आले म्हणजे ही सवय उपयोगी पडत नाही. येथे एक उत्तर नाही; उत्तरे अगणित आहेत. या अगणित उत्तरांना एकाच दृष्टिक्षेपात पाहण्याची सोय म्हणजे आलेख होय.

ही गोष्ट ज्याच्या ध्यानात आली, त्यास पुढील सारे सोपे जाते. ज्याच्या ध्यानात ती आली नाही, तो विद्यार्थी माध्यमिक शाळेत गेल्यावरही पट्टी लावून रेषा ओढीत राहतो. मात्र ती रेषा काय सांगते हे त्यास कळत नाही. नववी-दहावीत दोन समीकरणे आलेखाने सोडविण्याची वेळ येते, तेव्हा तो अडखळतो आणि ‘गणित आपल्या वाट्याचे नाही’ असा ग्रह करून घेतो. हा ग्रह एकदा बसला की तो काढणे कठीण. म्हणून ज्या शाळांत सातवी-आठवीचे वर्ग आहेत, तेथील शिक्षक बंधुभगिनींनी या पाठाची पायाभरणी विशेष काळजीने करणे अगत्याचे आहे.

दारात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या मुलीस या पाठाचे मर्म आधीच ठाऊक असते. ती प्रथम ठिपके मांडते, ते मोजते, आणि मगच रेघ ओढते. एक ठिपका जागचा हलला तर रेघ कितीही सफाईदार असली तरी आकृती बिघडते. आलेखाचेही असेच आहे. आधी ठिपके, मग रेघ, हा क्रम या पाठात कधीही उलटा होऊ देऊ नये.

१. उत्तरे अनेक असतात, ही पहिली जाणीव

पाठाचा आरंभ ‘समीकरण’, ‘चल’, ‘अक्ष’ इत्यादी शब्दांनी करू नये. वर्गास साधा प्रश्न विचारावा : “मी दोन संख्या मनात धरल्या आहेत. त्यांची बेरीज १० आहे. त्या संख्या कोणत्या?” कोणी म्हणेल ४ आणि ६, कोणी म्हणेल ७ आणि ३. प्रत्येकास “बरोबर” म्हणावे व प्रत्येक जोडी फळ्यावर दोन स्तंभांत लिहीत जावे. थोड्याच वेळात एखादा विद्यार्थी विचारील, “गुरुजी, मग खरे उत्तर कोणते?” हा प्रश्न मुलांकडून येईपर्यंत थांबावे. तो आला म्हणजे पाठाचे दार उघडले असे समजावे.

आता दोन प्रश्न आणखी विचारावेत. “पहिली संख्या अडीच असेल तर दुसरी कोणती?” साडेसात. “पहिली १२ असेल तर?” येथे वर्ग क्षणभर थबकेल, मग कोणीतरी उणे २ असे सांगेल. अशा रीतीने पूर्णांक, अपूर्णांक आणि ऋण संख्या या सर्वांना या यादीत जागा आहे हे मुलांच्या लक्षात येईल. यादी कधीच संपणार नाही हेही त्यांना कळेल. न संपणारी यादी फळ्यावर कशी मावावी, ही अडचण मुलांना जाणवली म्हणजे चित्राची गरज त्यांना आपोआप पटते.

२. बिंदूचा पत्ता आणि पटांगणावरील आलेख

चित्र काढण्यापूर्वी बिंदूचा पत्ता सांगण्याची रीत शिकवावी. आलेख कागद नसल्यास अडू नये. शाळेच्या पटांगणावर चुन्याने किंवा काठीने दोन रेषा आखाव्यात. एक आडवी, एक उभी, काटकोनात. जेथे त्या मिळतात तो आरंभबिंदू. प्रत्येक रेषेवर अर्ध्या अर्ध्या मीटरवर खुणा करून ० ते १० आकडे लिहावेत. आडवी रेषा हा क्ष-अक्ष, उभी रेषा हा य-अक्ष. पत्ता सांगण्याचा नियम एकच : आरंभबिंदूपासून निघून आधी आडवे चालावे, मग उभे.

एका मुलास (३, ५) व दुसऱ्यास (५, ३) या जागी उभे करावे. दोघे वेगळ्या ठिकाणी उभे राहिले हे सर्वांनी पाहावे. आकडे तेच, परंतु क्रम बदलला की जागा बदलते. ‘क्रमित जोडी’ या शब्दातील ‘क्रमित’ चा अर्थ मुलांना दहा वेळा सांगण्यापेक्षा असा एकदा दाखविलेला बरा.

नंतर फळ्यावरील जोड्यांकडे वळावे. ज्यांची बेरीज १० आहे अशा जोड्यांच्या जागी एकेका मुलास उभे करावे : (०, १०), (१, ९), (२, ८), याप्रमाणे (१०, ०) पर्यंत. पट लहान असेल तर मुलांऐवजी खडे ठेवावेत. सर्व जागा भरल्या म्हणजे मुलांची एक सरळ तिरपी रांग तयार झालेली दिसेल. कोणीही रांग लावण्याची आज्ञा केली नव्हती. ती बेरजेच्या नियमातूनच तयार झाली.

येथे शिक्षकांनी दोन प्रश्न अवश्य विचारावेत. कारण सबंध पाठाचा गाभा या दोन प्रश्नांत आहे.

पहिला : “ज्याची बेरीज १० आहे, पण जो या रांगेबाहेर उभा आहे, असा कोणी आहे का?”

दुसरा : “जो या रांगेत उभा आहे, पण ज्याची बेरीज १० नाही, असा कोणी आहे का?”

दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे येते. मुलांनी हे स्वतः तपासून पाहावे. रांगेबाहेर पाच-सात ठिकाणी उभे राहून बेरजा कराव्यात. तपासानंतर त्यांच्या तोंडून जे वाक्य निघेल, तीच आलेखाची व्याख्या : समीकरणाची प्रत्येक उकल रेषेवर असते, आणि रेषेवरील प्रत्येक बिंदू समीकरणाची उकल असतो.

वर्गात परत आल्यावर हेच काम चौकटीच्या वहीत करावे. आता दोन्ही अक्ष आरंभबिंदूच्या पलीकडे डावीकडे व खाली वाढवावेत. डावीकडे आणि खाली ऋण संख्या येतात. (१२, −२) ही जोडी पटांगणावर मावली नव्हती. कागदावर ती त्याच रेषेच्या पुढच्या टोकास जाऊन बसते. हे पाहून मुलांना होणारा आनंद शिक्षकांनाही उत्साह देणारा असतो.

३. या कल्पनेचा थोडा इतिहास

अनेक अव्यक्त राशींची समीकरणे आपल्याकडे फार पूर्वीपासून सोडविली जात होती. इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचणाऱ्या भास्कराचार्यांनी बीजगणितात पहिल्या अव्यक्तास ‘यावत्तावत्’ म्हटले व पुढील अव्यक्तांस कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे वापरली. या नावांची पहिली अक्षरे, या, का, नी, ही आपल्या क्ष आणि य यांचीच कामे करीत. मात्र समीकरण हे रेषेच्या रूपाने डोळ्यांसमोर मांडण्याची पद्धत पुढे युरोपात विकसित झाली. फ्रेंच तत्त्वज्ञ व गणिती रने देकार्त याने १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या भूमितीवरील ग्रंथात बीजगणित व भूमिती यांची सांगड घातली. त्याच सुमारास फर्मा या दुसऱ्या फ्रेंच गणितीनेही स्वतंत्रपणे हाच विचार केला होता. आज आपण वापरतो ते दोन काटकोनी अक्षांचे रूप त्यानंतर हळूहळू रूढ झाले. मुलांना हे थोडक्यात सांगावे. ज्या कल्पनेपर्यंत पोहोचण्यास मोठमोठ्या विद्वानांना शतके लागली, ती समजण्यास आपल्याला दोन-चार तासिका लागल्या तर त्यात कमीपणा नाही, हा धीर त्यांना मिळतो.

४. सारणी तयार करणे

आता ‘य = २क्ष − १’ यासारखे समीकरण घ्यावे. क्ष ची किंमत आपण निवडावयाची व त्यावरून य ची किंमत काढावयाची, हे प्रथम स्पष्ट करावे. ‘क्ष ची किंमत कोठून आणावयाची?’ ही शंका अनेक मुलांच्या मनात असते, पण ती विचारली जात नाही. उत्तर असे की ती कोणतीही घेता येते. मात्र सोयीची घ्यावी. शून्य घ्यावे, कारण हिशेब सोपा होतो. एक तरी ऋण किंमत घ्यावी, कारण चिन्हांचा सराव होतो. किमती अगदी जवळजवळ घेऊ नयेत; बिंदू जवळ असले की पट्टी किंचित हलताच रेषेची दिशा बदलते.

सारणी अशी होईल :

क्ष : −२, ०, २, ४
य : −५, −१, ३, ७

हिशेब तोंडी न करता वहीत लिहावयास लावावा. क्ष = −२ असता २ × (−२) = −४, आणि −४ − १ = −५. चुका बहुधा याच ठिकाणी होतात.

समीकरण ‘२क्ष + ३य = १२’ अशा रूपात असेल तर किमती विचारपूर्वक निवडाव्यात. क्ष = १ घेतल्यास य साठी अपूर्णांक येतो व बिंदू नेमका मांडता येत नाही. क्ष साठी ३ च्या पटी घेतल्या तर अडचण राहत नाही : क्ष = −३ असता य = ६; क्ष = ० असता य = ४; क्ष = ३ असता य = २; क्ष = ६ असता य = ०. सोयीची किंमत शोधणे हाही गणिताच्या शिक्षणाचाच एक भाग आहे. तो शिक्षकांनी मुलांकडून हिरावून घेऊ नये.

५. तिसरा बिंदू हा साक्षीदार

दोन बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते, हे भूमितीचे तत्त्व खरे आहे. त्यावरून ‘आलेखास दोन बिंदू पुरेत’ असा सोपा मार्ग पुष्कळ ठिकाणी शिकविला जातो. या मार्गात एक धोका आहे. दोन बिंदू बरोबर असोत वा चूक, त्यांतून सरळ रेषा निघतेच. चूक झाल्याची कसलीही खूण कागदावर उरत नाही.

शाळाभेटीत पाहिलेल्या एका वहीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. समीकरण वरचेच होते, य = २क्ष − १. विद्यार्थ्याने क्ष = ० असता य = १ असे लिहिले होते; उणे चिन्ह सुटले होते. दुसरा बिंदू (२, ३) बरोबर होता. (० , १) आणि (२, ३) यांतून त्याने रेषा ओढली. अक्ष टोकदार पेन्सिलीने आखलेले, रेषा स्वच्छ, अक्षर वळणदार. वहीवर ‘छान’ असा शेरा होता. परंतु ती रेषा दिलेल्या समीकरणाची नव्हतीच; ती य = क्ष + १ या समीकरणाची होती. त्या मुलाने तिसरा बिंदू (४, ७) काढला असता तर तो रेषेवर न पडता दोन घरे वर राहिला असता आणि चूक त्याची त्यालाच सापडली असती.

म्हणून नियम करावा : किमान तीन बिंदू, आणि पट्टी लावण्यापूर्वी तिन्ही एका ओळीत दिसतात का हे पाहणे. पहिले दोन बिंदू रेषा देतात. तिसरा साक्ष देतो. साक्ष जुळली नाही तर रेषा ओढू नये. हिशेब पुन्हा तपासावा. तिसऱ्या बिंदूस ‘साक्षीदार’ हे नाव दिल्यास मुलांच्या ते चांगले लक्षात राहते.

येथे एक सूक्ष्म गोष्टही ध्यानात ठेवावी. विद्यार्थी सर्वच बिंदूंत सारखी चूक करील, उदाहरणार्थ प्रत्येक वेळी १ वजा करण्याऐवजी मिळवील, तर (०, १), (२, ५), (४, ९) हे तिन्ही बिंदू एका रेषेत येतील आणि साक्षीदारही फसेल. यावर उपाय असा : रेषा पूर्ण झाल्यावर, सारणीत नसलेला एखादा बिंदू रेषेवरून वाचावा व तो समीकरणात घालून पाहावा. बरोबर रेषेवर (३, ५) हा बिंदू सापडतो; २ × ३ − १ = ५, म्हणून ताळा बसला. चुकीच्या रेषेवर (३, ७) सापडेल. समीकरण मात्र ५ म्हणते, म्हणून चूक उघड झाली. अंकगणितात जसा आपण वजाबाकीचा ताळा बेरजेने पाहतो, तसाच हा आलेखाचा ताळा होय.

वही तपासतानाही हाच क्रम पाळावा. आधी सारणी पाहावी, मग बिंदू, शेवटी रेषा. स्वच्छतेस गुण अवश्य द्यावेत. पण ते खरेपणाच्या आधी देऊ नयेत.

६. तापमापकाचा आलेख आणि त्रैराशिकाची मर्यादा

गावातील आरोग्य उपकेंद्रात किंवा एखाद्या घरी तापमापक असतो. ताप ‘एकशे दोन’ आहे असे आपण फॅरनहाइट मापनात बोलतो; हवामानाच्या बातम्यांत मात्र सेल्सिअस अंश सांगितले जातात. या दोन मापनांचा संबंध रेषीय आहे. सेल्सिअस अंशांस ९ ने गुणून ५ ने भागावे व त्यात ३२ मिळवावेत, म्हणजे फॅरनहाइट अंश मिळतात.

सेल्सिअस : −४०, ०, १०, २०, ४०, १००
फॅरनहाइट : −४०, ३२, ५०, ६८, १०४, २१२

हे बिंदू मांडून रेषा काढली म्हणजे मुलांच्या हाती एक उपयोगी साधन येते. फॅरनहाइटच्या अक्षावर १०२ शोधून तेथून आडवे रेषेपर्यंत व रेषेवरून खाली यावे. सुमारे ३९ अंश सेल्सिअस मिळतात. निरोगी शरीराचे ३७ अंश सेल्सिअस म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइट, हेही आलेखावर दिसते. उणे ४० वर दोन्ही मापने एकच आकडा दाखवितात ही गंमत मुलांना फार आवडते, आणि तिसऱ्या चरणातील एका बिंदूस खरा अर्थ प्राप्त होतो.

परंतु या आलेखाचा मोठा धडा वेगळाच आहे. २० अंश सेल्सिअसचे ६८ अंश फॅरनहाइट होतात. मग ४० चे किती? त्रैराशिकात मुरलेला विद्यार्थी तत्काळ १३६ असे उत्तर देईल. खरे उत्तर १०४ आहे. ही रेषा आरंभबिंदूतून जात नाही. ती य-अक्षास ३२ वर छेदते. म्हणून एक राशी दुप्पट झाली असता दुसरी दुप्पट होत नाही. मात्र एक राशी १० ने वाढली की दुसरी नेमकी १८ ने वाढते, मग आरंभ कोठूनही करा. सारखी वाढ हे रेषीय संबंधाचे लक्षण आहे. सारखी पट हे समप्रमाणाचे लक्षण आहे. समप्रमाणाची रेषा आरंभबिंदूतून जाते, आणि त्रैराशिक तेथेच लागू पडते. ‘एका वहीची किंमत इतकी, तर पाच वह्यांची किती’ या प्रश्नांना वर्षानुवर्षे सरावलेल्या मुलांना त्रैराशिकाची ही मर्यादा आलेख एका दृष्टिक्षेपात दाखवितो.

७. डबा आणि तांब्या

प्रत्येक संबंधाचा आलेख सरळ रेषाच असतो, असा गैरसमज या पाठातून निर्माण होऊ नये. त्यासाठी एक प्रयोग सुचवितो. सरळ भिंतीचा एक डबा घ्यावा. त्यात थोडे पाणी आधीच असावे. पट्टी उभी धरून पाण्याची उंची मोजावी. मग एकेक पेला पाणी घालीत प्रत्येक वेळी उंची लिहावी. समजा, आरंभी उंची ४ सेंटिमीटर होती व प्रत्येक पेल्याने ती २ सेंटिमीटर वाढली, तर (०, ४), (१, ६), (२, ८), (३, १०) असे बिंदू मिळतील आणि संबंध य = २क्ष + ४ असा होईल. आधीचे पाणी ‘४’ मध्ये दिसते, पेल्यागणिक होणारी वाढ ‘२’ मध्ये दिसते. समीकरणातील दोन्ही आकड्यांना मुले प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहतात.

नंतर हाच प्रयोग पोट फुगीर व गळा अरुंद असलेल्या तांब्यात करावा. पोटाशी पाणी सावकाश चढते, गळ्याशी झरझर चढते. बिंदू मांडले तर ते एका रेषेत येत नाहीत, वळण घेतात. पट्टी तेथे लागत नाही. एखादा संबंध रेषीय आहे की नाही हे बिंदूच सांगतात. आपण आधी ठरवून त्यांच्यावर रेषा लादू नये.

प्रयोगात मोजमाप असल्याने डब्याचे बिंदूही केसभर इकडेतिकडे होतील. ते मोजण्यातील दोषामुळे होते हे मुलांना सांगावे. समीकरणावरून हिशेबाने काढलेल्या बिंदूंस मात्र अशी सवलत नाही. तेथे बिंदू हलला तर एकतर हिशेब चुकला किंवा मांडणी चुकली.

याच ठिकाणी आणखी एक विवेक शिकवावा. पाण्याच्या उदाहरणात अर्धा पेला, पाव पेलाही घालता येतो. म्हणून ठिपक्यांमधील जागेसही अर्थ आहे आणि रेषा जोडणे योग्य आहे. वह्यांची संख्या व किंमत यांच्या आलेखात अडीच वह्या विकत घेता येत नाहीत. तेथे ठिपके एका रेषेत येतात, पण ठिपक्यांमधील रेघ फक्त दिशा दाखविण्यापुरती असते. ती तुटक काढावी.

८. नेहमी आढळणाऱ्या चुका

(अ) रेषांऐवजी घरांस आकडे देणे. आकडा नेहमी आखलेल्या रेषेच्या टोकाशी लिहावा, दोन रेषांमधील रिकाम्या घरात लिहू नये.

(आ) एकाच अक्षावर असमान प्रमाण घेणे. सारणीत ०, २, ५, १० असे आकडे असले की काही मुले ते एकामागून एक चार खुणांवर लिहितात. दोन अक्षांची प्रमाणे वेगवेगळी असू शकतात; एकाच अक्षावर मात्र ती सर्वत्र सारखी हवी. प्रमाण कागदाच्या कोपऱ्यात लिहावयास लावावे.

(इ) क्ष व य यांची अदलाबदल. ‘आधी आडवे, मग उभे’ हा पटांगणावरील नियम आठवून द्यावा.

(ई) रेषा शेवटच्या बिंदूंपाशीच थांबविणे. उकली तेथे संपत नाहीत. रेषा दोन्ही टोकांस थोडी पुढे न्यावी व बाण काढावेत.

(उ) ‘य = ३’ या समीकरणाने गोंधळणे. यात क्ष दिसत नाही, म्हणजे क्ष वर कोणतेही बंधन नाही. (−२, ३), (०, ३), (५, ३) हे सर्व बिंदू चालतात आणि आडवी रेषा मिळते. त्याचप्रमाणे ‘क्ष = ३’ ची रेषा उभी असते. पुष्कळ मुले हे उलट करतात, कारण क्ष म्हटले की त्यांना आडवा क्ष-अक्ष आठवतो. तीन बिंदू मांडावयास लावले की भ्रम दूर होतो.

९. मोबाइल आणि हातचे काम

कोणी म्हणेल, आज मोबाइलवर समीकरण लिहिताच आलेख उमटतो. मग हाताने ठिपके मांडण्याचा खटाटोप कशाला? साधन उपलब्ध असेल तर ते जरूर वापरावे. मुलांनी काढलेला आलेख त्याच्याशी ताडून पाहण्यास ते उत्तम आहे. परंतु यंत्रही क्ष च्या अनेक किमती घेऊन बिंदू काढते व तेच जोडते. ते काम इतक्या वेगाने होते की पाहणाऱ्यास फक्त तयार रेषा दिसते. ज्याने आपल्या हाताने पाच-दहा वेळा ठिपके मांडले आहेत, त्यासच त्या रेषेत ठिपके दिसतील.

दोन शिक्षकी शाळेत एका वेळी अनेक वर्ग सांभाळावे लागतात. तेथे मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने सारणी करावी, दुसऱ्याने बिंदू मांडावेत. बिंदू जुळला नाही तर दोघांनी मिळून चूक शोधावी व पुढील उदाहरणास कामे बदलावीत. शिक्षक दुसऱ्या वर्गावर असतानाही साक्षीदार बिंदू त्यांची तपासणी करीत राहतो. या पद्धतीचा हाही एक मोठा लाभ आहे.

१०. सरावासाठी

१. य = क्ष + ३. सारणी : (−३, ०), (०, ३), (२, ५).

२. य = ५ − २क्ष. सारणी : (−१, ७), (०, ५), (१, ३), (३, −१). ही रेषा उजवीकडे उतरते. असे का, हे मुलांना विचारावे. क्ष १ ने वाढला की य २ ने कमी होतो, हे उत्तर त्यांच्याकडून काढून घ्यावे.

३. (५, −५) हा बिंदू वरील रेषेवर आहे का? आलेख न काढता सांगा. उत्तर : ५ − २ × ५ = −५; म्हणून आहे.

४. (२, ५), (४, ९), (७, १६) हे बिंदू एका रेषेत आहेत का? उत्तर : नाहीत. पहिल्या दोहोंत क्ष २ ने वाढला असता य ४ ने वाढतो. त्या हिशेबाने तिसरा बिंदू (७, १५) हवा होता.

५. क्ष + य = १० आणि क्ष − य = २ यांचे आलेख एकाच कागदावर काढा. उत्तर : रेषा (६, ४) मध्ये छेदतात.

शेवटच्या उदाहरणावर थोडा वेळ थांबावे. पहिल्या रेषेवर बेरीज १० असलेल्या सर्व जोड्या आहेत. दुसऱ्या रेषेवर वजाबाकी २ असलेल्या सर्व जोड्या आहेत. जी जोडी दोन्ही रेषांवर आहे, तीच दोन्ही अटी पाळते. पाठाच्या आरंभी विचारलेल्या ‘खरे उत्तर कोणते?’ या प्रश्नाचे समाधान येथे होते : एका अटीस अगणित उत्तरे असतात, दुसरी अट मिळाली की त्यांतून एक निवडले जाते. पुढे माध्यमिक शाळेत येणाऱ्या एकसामयिक समीकरणांचे बीज हेच आहे.

हे बीज प्राथमिक शाळेतच नीट रुजले, तर आपल्या शाळेतून बाहेर पडणारा विद्यार्थी पुढील वर्गात आलेखास भिणार नाही. सर्व शिक्षक बंधुभगिनींनी या सत्रात निदान एकदा तरी पटांगणावरील पाठ घेऊन पाहावा, डबा व तांब्या यांचा प्रयोग करावा, आणि मुलांनी कोणते प्रश्न विचारले याची टिपणे ठेवून ती केंद्रातील शिक्षण परिषदेत मांडावीत. एका शाळेतील मुलाची शंका दुसऱ्या शाळेतील शिक्षकास पाठाची तयारी करताना फार उपयोगी पडते.